वजा केलेले तास

माझी सगळी नोकरी हिशेबात गेली. अंदाजपत्रकाच्या दिवसांत एखाद्या लेखाशीर्षासमोरची, म्हणजे खर्चाच्या एखाद्या ठरलेल्या सदरासमोरची, तरतूद कमी करायची असली, की आम्ही जुन्या आकड्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारीत असू आणि शेजारी नवा आकडा लिहीत असू. पेन्सिलीने अशासाठी की वरून पुन्हा काही बदल येण्याची शक्यता असे. पण ज्या ओळीसाठी भांडायला कोणी येत नसे, त्या ओळीवरची रेघ खोडण्याची वेळ सहसा आली नाही, हे मला आज स्वच्छ आठवते. या कामाला आमच्या बोलीत ‘बचत दाखवणे’ म्हणत. त्यातल्या क्रियापदाकडे मी तेव्हा लक्ष दिले नव्हते.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून सेरेब्रल पाल्सीसह, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा न राहण्याच्या अवस्थेसह, जगतो. घरात त्याला सगळे धाकटा म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे इथेही तेच नाव चालवून घ्यावे. त्याची समज चांगली आहे, विनोद कळतो, राग येतो, माणसे नेमकी ओळखता येतात. बोलणे मात्र शब्दांत उमटत नाही. चित्रांच्या फलकावर बोट नेऊन, नजरेने आणि आवाजाच्या चढउतारांनी तो आपले म्हणणे मांडतो. आठवड्याचे पाच दिवस तो एका दिवसकेंद्रात जात असे. सकाळी केंद्राची गाडी येई आणि संध्याकाळी आणून सोडी. तिथे फिजिओथेरपिस्ट त्याचे आखडणारे स्नायू ताणून मोकळे करीत, वाचा-उपचार करणाऱ्या बाई फलकावर एकेक नवे चित्र वाढवीत, आणि उरलेल्या वेळात त्याला त्याचे स्वतःचे मित्र होते, जे आमचे कोणाचेच मित्र नव्हते. ही शेवटची गोष्ट कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही.

मग एका वर्षी केंद्राला पत्र आले की अनुदानात किंचित कपात करण्यात येत आहे. ‘किंचित’ हा शब्द त्या पत्रातलाच आहे. केंद्राने पुढे जे केले ते माझ्या जागी बसलेल्या कोणीही केले असते. पगार थांबवता येत नाहीत, जागेचे भाडे थांबवता येत नाही, म्हणून इंधन थांबवले. गाडी बंद झाली. केंद्र चालू राहिले, हजेरीपटावर नावेही तशीच राहिली. ज्यांना स्वतःहून तिथे पोहोचणे शक्य नव्हते तेवढे पोहोचेनासे झाले, आणि अशांसाठीच तर ते केंद्र काढलेले होते. कागदावर पाहणाऱ्याला सेवा शाबूत दिसत होती.

ताई, म्हणजे आमची थोरली बहीण, तेव्हा नोकरीत होती. तिने आधी अर्ध्या दिवसाच्या रजा घेतल्या, मग बिनपगारी रजा घेतली, आणि वर्ष संपायच्या आत राजीनामा दिला. मी सवयीने हिशेब मांडून पाहिला. गाडीपायी आमच्या वाट्याचे जेवढे वाचले असेल, त्याच्या कित्येक पट ताईचा पगार होता. त्या पगारावरचा कर गेला, तिच्या निवृत्तिवेतनातली पुढची वर्षे गेली, आणि धाकट्याच्या हालचालीत जी घसरण सुरू झाली तिचा दवाखान्याचा खर्च वेगळाच. पण यातली एकही रक्कम ज्या कार्यालयाने अनुदान कमी केले त्याच्या वहीत येणार नव्हती. त्या वहीत बचतच होती, आणि ती खरीच होती. खर्च नाहीसा झाला नव्हता, तो ज्या घरात हिशेबाची वही नसते अशा घरात येऊन राहिला होता.

दिव्यांग व्यक्तींच्या सेवांवरील कपातीला माझा विरोध आहे तो प्रथम एक हिशेबनीस म्हणून. दया, माणुसकी हे शब्द मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण हे शब्द वापरले की समोरचा अधिकारीही तेच शब्द वापरतो, मान हलवतो आणि निधी नसल्याचे सांगतो. अपंग, विकलांग, दिव्यांग अशी नावे बदलत गेली. नाव बदलायला तरतूद लागत नाही. तरतूद लागते ती तासांना. ही सेवा मुळात तासांतच मोजावी लागते. कोणीतरी सकाळी उठवून बसवण्याचा तास, उपचारांचा तास, सांकेतिक भाषेच्या दुभाषाचा तास, ने-आण करणाऱ्या चालकाचा तास. अंदाजपत्रकात पैसे वजा होतात असे दिसते, पण वजा होतात ते कोणाच्या तरी दिवसातले तास, आणि दिवस चोवीस तासांचाच असल्यामुळे ते दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसातून काढून भरावे लागतात.

तो दुसरा माणूस बहुधा बाई असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे जगात रोज सुमारे 16.4 अब्ज तास बिनमोबदल्याचे घरकाम आणि काळजीचे काम केले जाते, आणि त्यातला तीन चतुर्थांशांहून अधिक भार स्त्रिया उचलतात. यातले सगळेच तास दिव्यांग व्यक्तींच्या देखभालीचे नाहीत, हे उघड आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 1.3 अब्ज माणसे, म्हणजे साधारण दर सहा जणांतला एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो आहे, हे लक्षात घेतले म्हणजे सेवेतून कापलेले तास कुठे जाऊन जमा होतात, याबद्दल फारशी शंका राहत नाही.

स्पेनमध्ये हे जवळजवळ प्रयोगशाळेत पाहावे तसे दिसले. तिथे 2006 च्या कायद्याने परावलंबी व्यक्तींची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना सामाजिक सुरक्षेत सामील करून घेतले आणि त्यांचा हप्ता सरकार भरू लागले. आर्थिक संकटाच्या काळात, 2012 च्या जुलैत, सरकारने तो हप्ता भरणे बंद केले. हवा असेल तर तुमचा तुम्ही भरा, असे सांगितले. नोंदणी झपाट्याने कोसळली. त्या यादीतून गेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांचे काम काही थांबले नव्हते; त्या उठवत होत्या, भरवत होत्या, धूत होत्या, फक्त त्यांच्या म्हातारपणाच्या खात्यात त्याची नोंद होणे थांबले होते. 2019 मध्ये सरकारने हप्ता पुन्हा सुरू केला. मधल्या सात वर्षांची बचत म्हणजे काय होते, हे त्या बायकांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर यथावकाश वाचायला मिळेल.

नोकरीतल्या माणसाने सांगावी अशी एक गोष्ट अशी, की कपात बहुतेक वेळा कपात या नावाने होतच नाही. सर्वांत सभ्य प्रकार म्हणजे आकडा तसाच ठेवणे. महागाई वाढते, वेतन वाढते, इंधन वाढते, आणि अनुदान मात्र चार वर्षांपूर्वीच्या आकड्यावर थांबलेले असते. कोणी विचारलेच तर ‘आम्ही एक पैसाही कमी केलेला नाही’ असे छातीवर हात ठेवून सांगता येते. दुसरा प्रकार म्हणजे पदे मंजूर ठेवायची आणि भरायची नाहीत. मग वर्षाअखेर निधी अखर्चित राहतो, तो परत जातो, आणि पुढच्या वर्षी ‘यांना एवढ्याची गरजच नाही’ हा पुरावा म्हणून तोच वापरला जातो. हे मी स्वतः टिपणीत लिहिलेले आहे, त्यामुळे याबद्दल कोणाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पात्रतेची अट एका बोटाने वर सरकवणे, पुन्हा पुन्हा पुनर्मूल्यांकनाला बोलावणे, अर्ज अशा खिडकीवर ठेवणे की जिथे चाकाची खुर्ची पोहोचत नाही, हेही सगळे त्यातच येते.

आणि एक प्रकार आहे जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवण्याचा. ब्रिटनमध्ये 1988 पासून ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ नावाचा निधी होता. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांना संस्थेत जाऊन राहावे लागू नये, स्वतःच्या घरात स्वतः निवडलेला मदतनीस ठेवता यावा, यासाठी तो थेट पैसे देत असे. 2010 मध्ये नवे अर्ज घेणे बंद झाले आणि 30 जून 2015 ला निधीच बंद करण्यात आला. बंद करताना सरकारने सांगितले की पैसे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे जातील आणि सेवा त्याच देतील. इंग्लंडमध्ये पैसे गेले, पण ते याच कामासाठी खर्च करावेत असे बंधन त्यांच्यासोबत गेले नाही. ज्या स्थानिक संस्था आधीच कपातीखाली वाकल्या होत्या, त्यांच्या सर्वसाधारण खात्यात असे मोकळे पैसे पडल्यावर त्यांचे काय होते, हे समजायला हिशेबतज्ज्ञ असावे लागत नाही. अनेकांचे मदतनिसाचे तास घटले. त्याच वेळी स्कॉटलंडने मात्र स्वतःचा वेगळा निधी उभा केला आणि जुन्या लाभार्थींना त्यात घेतले. म्हणजे तोच काळ, तीच काटकसर, आणि निर्णय दोन.

या प्रकरणातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. निधी बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध पाच दिव्यांग व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला होता. न्यायालय असे म्हणाले नाही की सरकारला निधी बंदच करता येणार नाही. निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांपुढे या माणसांच्या आयुष्यावर होणाऱ्या परिणामांचे गांभीर्य पुरेसे मांडले गेल्याचे दिसत नाही, समानतेच्या कायद्याने जो विचार करणे बंधनकारक आहे तो झालेला नाही, असा त्याचा आशय होता. थोडक्यात, टिपणी अपुरी होती. सरकारने काही महिन्यांनी नवी टिपणी तयार केली, तोच निर्णय पुन्हा घेतला, आणि दुसऱ्या खेपेस तो न्यायालयात टिकला. मी हे वाचले तेव्हा मला माझ्या जुन्या टिपण्या आठवल्या. ‘परिणाम’ या रकान्यात आम्ही बहुधा ‘नगण्य’ लिहीत असू, आणि तो शब्द लिहिण्यापूर्वी कोणाला भेटण्याची पद्धत नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या या आणि इतर बदलांची चौकशी करून, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा विश्वसनीय पुरावा असल्याचा निष्कर्ष काढला. ब्रिटिश सरकारने तो मान्य केला नाही. पण मला त्याहून बोलका वाटतो तो बचतीचाच निकाल. 2013 पासून तिथे काम करण्याच्या वयातल्या दिव्यांग व्यक्तींचा जुना भत्ता बंद करून नवा आणला गेला, आणि त्यामुळे खर्च 20 टक्क्यांनी कमी होईल असे आधी सांगितले गेले होते. लोकांना पुन्हा तपासणीला बोलावले गेले, पाय नसलेल्यांना आणि बरा न होणारा आजार असलेल्यांनाही आपण अजून तसेच आहोत हे सिद्ध करावे लागले, नकाराविरुद्ध अपिले झाली आणि न्यायाधिकरणात त्यांतली निम्म्याहून कितीतरी अधिक अपिले अर्जदारांच्या बाजूने लागली. 2019 मध्ये तिथल्याच सरकारी अंदाजपत्रकावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाने दाखवून दिले की अपेक्षित बचत झालेली नाही, उलट नवा भत्ता जुन्यापेक्षा महाग पडला आहे. एवढ्या माणसांना एवढा मनस्ताप देऊन शेवटी आकडासुद्धा हाती लागला नाही.

पैसा आणि सेवा यांचे नाते किती उलटे बसवता येते, याचे सगळ्यांत लख्ख उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या मुलीचे आहे. तान्ही असताना मेंदूज्वर झाल्यामुळे तिला श्वासासाठी यंत्राची मदत लागत असे. तीन वर्षांची होईपर्यंत तिची प्रकृती घरी नेण्याजोगी झाली होती, आईवडील शिकून तयार होते, आणि घरचा खर्च रुग्णालयाच्या मानाने कितीतरी कमी होता. तरी तिला घरी नेता येईना, कारण मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी योजना ती रुग्णालयात असेपर्यंतच तिचा खर्च देत होती. घरी गेली की आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाई आणि मदत बंद होई. नोव्हेंबर 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी पत्रकार परिषदेत सरकारी नियमांच्या वेडेपणाचे उदाहरण म्हणून तिची गोष्ट सांगितली, आणि काही आठवड्यांत ती घरी गेली. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारने सामाजिक खर्चात मोठी कपात केली होती, हेही नमूद करून ठेवतो. केटी बेकेट पुढे मोठी झाली, शिकली, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि 2012 मध्ये वारली.

तिच्या नावाने नियमात सूट मिळाली, परंतु नियमाचा मूळ सांगाडा बदलला नाही. मेडिकेडमध्ये शुश्रूषागृहातली सेवा देणे राज्यांना बंधनकारक आहे, तर घरी किंवा वस्तीत राहून घेण्याच्या बहुतेक सेवा ‘ऐच्छिक’ या सदरात मोडतात. 1999 च्या ओल्मस्टेड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना माणसाला संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभावच आहे, असे ठरवले. तरीही अंदाजपत्रकाच्या दृष्टीने घर ऐच्छिक आणि संस्था अनिवार्य ही विभागणी कायम आहे. आता पैसे कमी पडले की कात्री आधी कुठे लागेल? बंधनकारक खर्चाला हात लावता येत नाही, म्हणून ऐच्छिकाला लागेल, म्हणजे जी सेवा माणसाला हवी आहे आणि बहुधा स्वस्तही पडते तीच आधी जाईल, आणि जी महाग आहे आणि जिथे त्याला जायचे नाही ती शेवटपर्यंत टिकेल. आमच्या केंद्रात पगार आणि भाडे राहिले आणि गाडी गेली, ते याच तर्काने.

विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे, कारण ती बाजू मी आयुष्यभर मांडली आहे. पैसा अमर्याद नसतो, आणि या सेवांचा खर्च वाढतो हेही खरे आहे. ऑस्ट्रेलियात 2011 मध्ये सरकारच्याच उत्पादकता आयोगाने जुनी व्यवस्था अपुऱ्या निधीची, अन्यायकारक, विस्कळीत आणि अकार्यक्षम असल्याचे सांगितले. त्याच सुमारास दिव्यांग व्यक्ती, कुटुंबे आणि सेवा देणारे कर्मचारी यांनी एकत्र येऊन मोठी मोहीम चालवली आणि 2013 मध्ये राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना आली, जिच्यात प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे त्याच्या नावाने निधी ठरतो. दहा वर्षांत तिचा खर्च इतका वाढला की 2023 मध्ये तिथल्या सरकारांना वार्षिक वाढ आठ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठरवावे लागले. मी या चिंतेला खोटे म्हणणार नाही. बिले फुगवणारे ठेकेदार असतात, गैरव्यवहार असतात, आणि त्यांना आळा घालणे हे हिशेबनिसाचे कामच आहे. पण ठेकेदाराने फुगवलेले बिल आणि एखाद्या माणसाचा आंघोळीचा तास हे दोन्ही एकाच टक्केवारीने कापणे म्हणजे काटकसर नव्हे. टक्केवारी लावली की ठेकेदार वाटाघाट करतो; आंघोळ करणाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलावर कोणी बोलावलेले नसते.

2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराला आता 180 हून अधिक देशांनी मान्यता दिली आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमात हा पैशाचा प्रश्न टाळलेला नाही. आर्थिक व सामाजिक हक्क एका दिवसात पूर्ण करा असे तो म्हणत नाही. उपलब्ध साधनांचा कमाल वापर करून, टप्प्याटप्प्याने पूर्णत्वाकडे जा, असे म्हणतो. टप्प्याटप्प्याने पुढे जाण्याचे वचन देणाऱ्याने मागे पाऊल घेतले तर त्याने कारण दिले पाहिजे, दुसरा मार्ग तपासून पाहिल्याचे दाखवले पाहिजे. त्याच कलमात आणखी एक अट आहे, की दिव्यांग व्यक्तींशी संबंधित निर्णय त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करून घ्यावेत. मला ही अट पूर्वी शिष्टाचारासारखी वाटे. आता ती मला लेखापरीक्षणाची अट वाटते, कारण वजा केलेले तास कोणाच्या नावावर पडले आहेत, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते.

शरीराचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. सेरेब्रल पाल्सीत बहुधा स्नायू ताठर राहतात, आणि त्यांना नियमित ताण दिला नाही, बसण्या-झोपण्याची योग्य स्थिती सांभाळली नाही, तर ते आखूड होऊन सांधा कायमचा वाकून बसू शकतो. गाडी बंद होण्यापूर्वी धाकट्याचा उजवा गुडघा जवळजवळ सरळ होत असे. पुढच्या वर्षी अनुदान पूर्ववत झाले असते, तरी गुडघा पूर्ववत झाला नसता. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते की 31 डिसेंबरला, याच्याशी त्या सांध्याला काही कर्तव्य नव्हते. रस्त्याचे काम एक वर्ष पुढे ढकलले तर पुढच्या वर्षी तोच रस्ता करता येतो. हे काम तसे पुढे ढकलता येत नाही, आणि माझ्या सगळ्या नोकरीत दोन्ही खर्चांसमोर मी एकाच प्रकारची रेघ मारली होती.

रेघ खोडायला लावणारी माणसे इतिहासात आहेत, आणि ती फार सोईच्या जागी बसून लढलेली नाहीत. अमेरिकेत 1973 च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम 504 ने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना दिव्यांग व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली होती, पण अंमलबजावणीचे नियम चार वर्षे सहीविना पडून होते, आणि खर्च फार येईल ही त्यामागची एक मोठी भीती होती. 5 एप्रिल 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक माणसे शिरली आणि जवळजवळ चार आठवडे तिथेच राहिली. जूडी ह्यूमन, किटी कोन यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांत होत्या. कित्येकांना रात्री कूस बदलायला दुसऱ्याची मदत लागत होती, औषधे आणि साधने बाहेर राहिली होती. दूरध्वनी तोडले गेल्यावर बधिर आंदोलकांनी खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेरच्यांशी बोलणे चालू ठेवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज जेवण आणून देत होते. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. चार आठवडे ती माणसे एकमेकांना उठवत, बसवत, कूस बदलून देत राहिली, म्हणजे ज्या सेवेसाठी ती भांडत होती ती सेवा त्यांनी त्या इमारतीत स्वतःच चालवून दाखवली.

अगदी अलीकडे, 1 जुलै 2025 रोजी, ब्रिटनच्या सरकारला 2013 मध्ये आणलेल्या त्याच नव्या भत्त्याची पात्रता आणखी कडक करणारी तरतूद विधेयकातून ऐन मतदानाच्या दिवशी काढावी लागली, कारण सत्ताधारी पक्षातल्याच सदस्यांनी बंड केले, आणि त्यांनी ते केले ते मतदारसंघातली दिव्यांग माणसे महिनोन्‌महिने त्यांना भेटत, लिहीत राहिल्यामुळे. नव्या अर्जदारांसाठीची दुसरी एक मदत मात्र त्याच विधेयकाने घटवलीच. अशा लढाया सहसा अर्ध्याच जिंकल्या जातात.

आमचीही अर्धीच जिंकली गेली. गाडी बंद झाल्यावर पालकांनी पहिले निवेदन दिले ते विनंतीचे होते, भावना दाटलेले होते, आणि त्याची पोच तेवढी मिळाली. दुसऱ्या वेळी मी सुचवले की प्रत्येक घराने महिनाभर एक वही ठेवावी. कोणत्या कामाला किती वेळ गेला, तो कोणाचा गेला, आणि त्या वेळात त्या माणसाने एरवी काय केले असते, एवढेच तीन रकाने. पुष्कळांना ते आवडले नाही. एक आई मला म्हणाल्या, “भाऊ, मुलाला पाणी पाजले तेही लिहायचे का?” मला उत्तर देता आले नाही, पण त्यांनी पुढे लिहिले. महिन्याअखेर सगळ्या वह्या एकत्र केल्या तेव्हा बंद झालेल्या गाडीच्या खर्चासमोर ठेवायला आमच्याकडे एक बेरीज होती. तीत चार जणींच्या सुटलेल्या नोकऱ्या होत्या, आणि एका म्हाताऱ्या वडिलांची उचलताना मोडलेली पाठ होती.

सुनावणीत संबंधित अधिकाऱ्यांनी वह्या चाळल्या आणि प्रामाणिकपणे सांगितले की हा खर्च त्यांच्या लेखाशीर्षात येत नाही. मी म्हणालो, “साहेब, नेमके तेच सांगायला आम्ही आलो आहोत.” प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे दिली होती. धाकट्याची पाळी आली तेव्हा त्यांनी ताईकडे पाहून विचारले की याचे काय म्हणणे आहे, आणि ताईने काही न बोलता फलक त्याच्या पुढ्यात धरला. त्याचा हात उचलायला, हवेत भटकायला आणि नेमक्या चित्रावर यायला वेळ लागतो. तीन मिनिटांत दोन चित्रे झाली. पहिले गाडीचे होते आणि दुसरे ‘कधी’ या प्रश्नाचे. घंटा वाजवणाऱ्या कारकुनाने घंटा वाजवली नाही, एवढी सूट त्याने स्वतःच्या अखत्यारीत दिली.

सहा महिन्यांनी गाडी आठवड्यातून तीन दिवस सुरू झाली. उरलेल्या दोन दिवसांसाठी पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा यावे, असे तोंडी सांगण्यात आले आहे. ताईने वही थांबवलेली नाही. त्या दोन दिवसांची पाने ती वेगळी ठेवते. मी निवृत्त झाल्यापासून त्यांत माझेही नाव आले आहे. कूस बदलण्याच्या नोंदींमधली रात्री दोनची ओळ माझ्या अक्षरात आहे, आणि ती मी शाईने लिहितो.